हंसाबाईची माती

जाहिरात कशी करावी हे मला कोणी शिकवू नये! मुंबईत, फोर्टमध्ये, एका जाहिरात कंपनीत तीन वर्षं काढली आहेत मी. आता तिथे मी पाकिटांना तिकिटं चिकटवत होतो हा भाग वेगळा, पण कानावर सगळं पडत होतंच ना! आमचे साहेब म्हणायचे, "एका शब्दात काम भागत असेल तर दुसरा वापरणारा गाढव!" हे वाक्य मी काळजावर कोरून घेतलं आणि त्याच वाक्यानं माझं वाटोळं केलं.

एकसष्ट साली सासरेबुवांनी अंथरूण धरलं आणि दारव्ह्याचं त्यांचं रेडिओ-ग्रामोफोनचं दुकान माझ्या गळ्यात पडलं. मी गिरगावातल्या चाळीतला माणूस. दारव्ह्यात येऊन वर्ष झालं तरी मला कोणी दीनानाथ म्हणून हाक मारली असेल तर शपथ! सगळ्या गावाचा मी 'जवाईबापू'. पानवालाही जवाईबापू म्हणणार आणि कापसाच्या गाडीवरचा गाडीवानही. मान मोठा, धंदा शून्य!

अशात एक दिवस दुकानात हंसाबाई आल्या.

हंसाबाई म्हणजे एकेकाळची काय चीज होती हे दारव्ह्यात दगडालाही ठाऊक! त्यांची पहिली ग्रामोफोनची प्लेट निघाली तेव्हा यवतमाळपासून पुसदपर्यंत एक हॉटेल असं नव्हतं जिथे ती वाजली नाही. त्या गाण्यावर नाचल्याशिवाय वरात पुढे सरकत नसे म्हणतात. मग बाईंचा गळा बसला. असा बसला की बारा वर्षं उठलाच नाही! बाई दारव्हा सोडून महागावला भावाकडे जाऊन राहिल्या आणि लोक 'अरेरे' म्हणून दुसऱ्या प्लेटा ऐकू लागले. मध्यंतरी त्या गळ्याच्या इलाजासाठी मुंबईला गेल्याचं गावाला कळलं होतं. पण इलाज झाला, गळा सुटला आणि बाईंनी मुंबईतच एक नवी प्लेट भरली, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. फक्त मला! कारण ती प्लेट दारव्ह्यात मी विकणार होतो.

"जवाईबापू," बाई बाकावर टेकत म्हणाल्या, "कंपनीचा माणूस बाजाराच्या दिवशी येऊन राह्यला. नंदकिशोरबाबू म्हणून हाये, नागपूरचा. तो म्हनते, तुमच्या गावची लोकं या गाण्यावर नाचली तं दुसरी प्लेट काढू. नाही नाचली तं राम राम!"

"नाचतील हो! न नाचून सांगतात कोणाला?"

"हासू नोका. बारा वर्सं चूप बसून काढली मी. चुलीपाशी बसून बी गुनगुनली तं भावजय म्हने, घसा कायले खरवडता बाई! हा येक डाव हाये माहा. लोकं नाचले पाह्यजे, बस. मंग मी मेली तरी चालते!"

"बाई, अभद्र बोलू नका! सगळं माझ्यावर सोडा."

"सोडलं," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. तेव्हाच मी त्यांना महागावच्या एसटीत बसवून म्हणायला हवं होतं, की बाई, दुसरा कोणीतरी शोधा!

गाणं मात्र फर्मास! ठेका असा की सुई टेकली की पाय आपोआप हलायला लागत.

*काळी गं माती, पायाले चिकटती,*
*नाच माह्या राजा, उडू दे माती!*

गाण्याचं नाव 'उडू दे माती'. तीन शब्द! मी लगेच कात्री चालवली. 'उडू' कशाला? 'दे' कशाला? लोकांच्या तोंडी बसायला एकच शब्द पुरे. 'माती'! हंसाबाईंची 'माती'! वा! साहेबांनी ऐकलं असतं तर पाकिटांवरून उठवून शेजारच्या खुर्चीत बसवलं असतं मला.

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, कारण मला ती कोणी आधी सांगितली नाही. आम्हा गिरगावकरांना माती म्हणजे तुळशीच्या कुंडीतली. वऱ्हाडात मात्र माणूस मेला की त्याची 'माती' असते. 'मातीला जाणे' म्हणजे प्रेतयात्रेला जाणे! हे मला बायकोनं, शुभदानं, नक्की सांगितलं असतं. पण ती नेमकी कळंबला बहिणीकडे गेली होती, चिंतामणीला नवस फेडायला. नवस काय, तर यांच्या धंद्याला बरकत येऊ दे!

बाजाराच्या दिवशी सकाळी मी टांग्यावर भोंगा बांधला, बॅटरी पायाशी ठेवली आणि निघालो.

"दारव्हेकर बंधू-भगिनींनो! आज संध्याकाळी पाच वाजता! आपल्या सर्वांच्या लाडक्या हंसाबाई! हंसाबाईंची माती! आमच्या दुकानासमोर! सर्वांनी सहकुटुंब, सहपरिवार यावे!"

काय परिणाम झाला म्हणून सांगू! कापसाच्या भावावरून हमरीतुमरीवर आलेले दोन दलाल जागच्या जागी गप्प झाले. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. भाजी विकणाऱ्या रुखमाबाईंच्या हातातला तराजू खाली पडला आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. माझा ऊर भरून आला. म्हटलं, याला म्हणतात कलेची कदर! मुंबईत असं दिसायचं नाही.

दुकानाशेजारी श्रावणभाऊंचं चहाचं हॉटेल. मी परत आलो तर ते धावतच आले.

"जवाईबापू, खरं हाये काय हे? हंसाबाईची?"

"मग खोटं सांगेन?"

"कधी झालं जी?"

"गेल्या महिन्यात. मुंबईला."

"मुंबईले झालं अन् माती इथं?"

"अहो, बाई इथल्या! आधी इथेच व्हायला नको का?"

"हे मातर खरं बोलले तुमी," श्रावणभाऊंनी डोळे पुसले. "पन आनलं कसं इतक्या दूरून?"

"रेल्वे पार्सलनं. कालच सोडवून आणलं."

"पार्सलनं!"

"लाकडी खोक्यात. चांगला गच्च भुसा भरून. कंपनीनं फार काळजी घेतली हो, कुठे टवका उडाला नाही!"

श्रावणभाऊ मटकन बाकावर बसले. "कुठं ठेवलं मंग?"

"आतल्या खोलीत. ऊन लागलं तर वाकडं होतं." खरं आहे हो, प्लेट उन्हात वाकतेच! "बघायचं आहे का?"

"नाही नाही!" ते दोन्ही हात हलवत म्हणाले. "समद्यायच्या संगच पाहू." आणि त्यांनी हॉटेलात जाऊन भट्टीवर पाणी ओतलं. मला वाटलं, आज चहाला गिऱ्हाईक नसेल.

मग मी बँडवाल्या गोविंदाकडे गेलो. "गोविंदा, पाचला सगळा ताफा घेऊन ये. हंसाबाईंची माती वाजतगाजत झाली पाहिजे."

"आयकलं जी," गोविंदा हळू आवाजात म्हणाला. "कोनती चाल वाजवू?"

"अशा वेळी तुम्ही नेहमी जी वाजवता तीच!"

"पैसे नाही घेनार मी, जवाईबापू. बाईच्या गान्यावर माह्या बापानं बँड शिकला."

बघा! माणसं फुकट वाजवायला तयार! मला वाटलं, एवढा यशस्वी कार्यक्रम दारव्ह्यात यापूर्वी झाला नसेल. त्याच नादात मी बाईंचा एक जुना मोठा फोटो दुकानाच्या दारात टेबलावर ठेवला, त्याला झेंडूचा हार घातला आणि ग्रामोफोनची पूजा करायची म्हणून शेजारी उदबत्ती लावली. आता मला काय माहीत!

चारच्या सुमारास बाजार उठला. भर बाजार! पालं उतरली, दुकानांच्या फळ्या लागल्या. पाच वाजता दुकानासमोर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. पण गर्दी कशी विचित्र! कोणी बोलेना. पुरुषांच्या खांद्यावर पांढरे पंचे. रुखमाबाईंच्या मागे बायकांचा घोळका बसलेला, आणि त्यातून मधूनच एक हुंदका. कोणीतरी हिरवे बांबू आणि सुतळी आणून दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवली. मी म्हटलं, मांडव घालणार असतील. तेवढ्यात गोविंदाचा बँड आला, आणि काय ती रडकी चाल!

"अरे, जरा उडती वाजव की!" मी ओरडलो.

साऱ्या गर्दीनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"जवाईबापू," श्रावणभाऊ पुढे झाले, "आता काढा बाहीर. दिवस बुडाच्या आत झालं पाह्यजे."

"कंपनीचा माणूस आला नाही अजून. बरं, तुम्ही म्हणता तर काढतो." मी आत गेलो, प्लेट घेऊन बाहेर आलो आणि सगळ्यांना दिसावी म्हणून डोक्यावर धरली. "ही बघा!"

लोक माझ्या मागे दारात बघत राहिले. मी चावी भरली, सुई टेकवली आणि भोंगा सोडला.

*नाच माह्या राजा, उडू दे माती!*

"अरे, नाचा!" मी टाळ्या वाजवत ओरडलो. "नाचा की! लाजता काय?" आणि कोणी सुरुवात करेना म्हणून मीच नाचायला लागलो! फोटोसमोर, हारासमोर, उदबत्तीसमोर! एकटाच!

श्रावणभाऊंनी माझी गचांडी धरली. "जवाई हाये म्हनून सोडतो, नाही तं... बाईच्या मातीत नाचते! अन् आमाले नाचा म्हनते!"

"मातीत नाही नाचायचं तर कशात नाचायचं?"

"अबे, माती म्हंजे मयत! मयत!"

पायाखालची जमीन सरकणे हा वाक्प्रचार मी शाळेत बारा वेळा लिहिला असेन. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. फोटो, हार, बांबू, पंचे, पार्सल, भुसा! सगळं एकदम डोळ्यासमोर उभं राहिलं. "अहो, बाई जिवंत आहेत!" मी किंचाळलो, पण भोंग्यापुढे माझं कोण ऐकतो! आणि नेमकी त्याच क्षणी समोर महागावची एसटी थांबली.

दारातून उतरल्या हंसाबाई! पोपटी लुगडं, केसात गजरा, हातात पिशवी.

पहिली किंकाळी रुखमाबाईंची. "वो माय!" म्हणून त्या ज्या उठल्या त्या श्रावणभाऊंना आडवं करून गेल्या. मग जी धूम उठली! कोणी बांबूवरून उडी मारतंय, कोणी गोविंदाच्या ढोलात पाय घालून लंगडी घालतंय, कोणी 'राम राम राम' करत गोल फिरतंय, आणि भोंगा आपला चालूच, 'उडू दे माती'! आणि खरंच हो, अशी माती उडाली की समोरचं दिसेना.

हंसाबाई एसटीच्या पायरीजवळच उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू!

"पाह्यलं काय जवाईबापू!" त्या हात जोडून म्हणाल्या. "समदं गाव नाचून राह्यलं! बारा वर्सात भुलले नाही माह्ये लोकं!"

मला वाटलं, धरणीनं आता मला पोटात घ्यावं. मी सुई उचलली. बाईंना ओट्यावर बसवलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं. बाईंनी फोटोवरचा हार काढून मांडीवर घेतला आणि एक एक फूल तोडत राहिल्या. त्यापेक्षा त्यांनी मला चपलेनं हाणलं असतं तर बरं वाटलं असतं!

शेवटी म्हणाल्या, "कंपनीचा मानूस कुठं हाये?"

कंपनीचा माणूस समोरूनच येत होता. नंदकिशोरबाबू, हातात पांढऱ्या फुलांचं चक्र. चारच्या गाडीनं ते वेळेवर उतरले होते. स्टेशनावर टांगेवाल्यानं सांगितलं, "गाव बंद हाये साहेब, हंसाबाईची माती हाये." नागपूरचा माणूस! त्यांना अर्थ विचारायची गरज काय? ते तडक तार-ऑफिसात गेले आणि मुंबईला तार ठोकली, 'हंसाबाई निवर्तल्या. गाव शोकाकुल. बाजार बंद.'

बाईंना ओट्यावर बसलेलं पाहून त्यांच्या हातातलं चक्र गळून पडलं आणि घरंगळत थेट बाईंच्या पायाशी गेलं.

"या बाबू," बाई म्हणाल्या. "थोडा येळ झाला तुमाले."

नंदकिशोरबाबूंनी धावत जाऊन दुसरी तार केली, 'हंसाबाई हयात. पहिली तार रद्द.' त्या रात्री गावातल्या बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या दाराशी पिठलं-भाकरीच्या टोपल्या आणून ठेवल्या होत्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आधीच करून ठेवलेलं! मी आणि हंसाबाईंनी मिळून ते खाल्लं. बाईंच्या मयताचं पिठलं बाईंनीच! मी अर्ध्या भाकरीवर उठलो, बाईंनी मात्र दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी शुभदा कळंबहून आली. सगळं ऐकून कपाळाला हात लावून म्हणाली, "दोन शब्द वाचवले तुम्ही, आणि अख्खी बाई घालवली!"

आठवड्यानं कंपनीचं उत्तर आलं. मुंबईच्या एका पेपरात बाई गेल्याची बातमी छापून आली होती आणि प्लेट तडाखेबंद खपत होती. गावोगावचे दुकानदार 'बाईंचं अखेरचं गाणं' म्हणून मागत होते. तेव्हा कंपनीचं म्हणणं, 'पहिलीच तार कायम ठेवावी. दुसरी तार रद्द. दुसरी प्लेटही रद्द.' मेलेल्या बाईची नवी प्लेट काढायची कशी, हा त्यांचा प्रश्न. मी चार पत्रं लिहिली, नंदकिशोरबाबू दोनदा कंपनीच्या साहेबांच्या पाया पडले. काही उपयोग झाला नाही. माझ्या दुकानात मात्र रांग लागली. चिंतामणी नवसाला पावला! त्या बरकतीकडे बघवत नव्हतं मला.

आता हंसाबाई महागावहून बाजाराला आल्या की माझ्या दुकानात टेकतात. रागावत नाहीत, गातही नाहीत. नुसत्या बसतात आणि गिऱ्हाइकासाठी मी प्लेट लावली की पायानं ठेका धरतात. परवा दिग्रसकडचा एक शेतकरी आला. प्लेट ऐकता ऐकता त्याचे डोळे भरले. शेजारी बसलेल्या बाईंना म्हणाला, "काय गळा होता वो मावशी! असं मानूस पुन्हा होनार नाही. तुमी कधी पाह्यलं होतं काय हंसाबाईले?"

मी काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकलो.

"पाह्यलं म्हंजे?" बाई म्हणाल्या. "मी तं तिच्या मातीले गेलती बाप्पा! हे आपले जवाईबापू लय नाचले, पन दुसरं कोनी नाही नाचलं."