आजोबांचा काळा अंगठा

आजोबांचा फोटो स्टुडिओ होता आणि लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग पुसण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. कुणाचा तीळ, कुणाची पुटकुळी, कुणाच्या कपाळावरची आठी, बारीक कुंचला फिरला की सगळं साफ. फोटोतला माणूस खऱ्या माणसाहून बरा दिसलाच पाहिजे, असा त्यांचा बाणा. बाणा वाईट नव्हता, पण तो त्यांनी सहा वर्षांच्या नातीवर चालवला आणि तिथंच घोळ झाला.

ठकूचा शाळेच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायचा होता. कॅमेऱ्यासमोर ती खुदकन हसली आणि तिच्या पुढच्या दुधाच्या दातावर तपकिरी ठिपका दिसला. आजोबा सवयीनं बोलून गेले, "तोंड मिटून घे बाळ, डाग दिसतोय."

ठकूनं तोंड मिटलं ते मिटलंच. दुसऱ्या दिवसापासून ती तोंडावर हात धरून हसायला लागली आणि आठवड्याभरात हसायचीच थांबली. हे कुणामुळे झालं ते घरात फक्त आजोबांना माहीत होतं. त्यांना जेवण गोड लागेना. माणसांना हसवून पोट भरलेला माणूस मी, आणि घरचंच पोर गप्प केलं, असं त्यांच्या मनानं घेतलं.

दात किडायला लागलाय हे सुनेच्याही लक्षात आलं होतं. तिनं दवाखान्याची वेळ घेतली आणि सासऱ्यांना बजावलं की बाबा, मला कामावर जायचंय, तुम्ही हिला घेऊन जा आणि डॉक्टरीणबाई काय सांगतात ते नीट ऐका. आजोबा म्हणाले, ऐकण्यात काय अवघड आहे?

डॉक्टरीणबाईंनी दात पाहिला. कीड अजून वरवरच आहे, कोरायची गरज नाही, औषधाचा एक थेंब लावला की ती जागच्या जागी थांबेल, असं त्यांनी सांगितल्यावर ठकूनं घट्ट धरलेला खुर्चीचा दांडा सोडला. पुढंही त्या बरंच काही सांगत होत्या, पण आजोबांचं सगळं लक्ष खुर्चीवरच्या दिव्यात. काय तो प्रकाश, कुठं सावली म्हणून नाही. असा दिवा आपल्याकडे असता तर, या विचारात समोर आलेल्या कागदावर त्यांनी वळणदार सही ठोकली. औषधात चांदी असते एवढं मात्र त्यांच्या कानावर पडलं आणि माहेरचं माणूस भेटावं तसे ते खूश झाले. जुन्या फिल्मवर चांदीच असायची, तिच्यावरच त्यांचा संसार झाला होता. बशीतला थेंब पाण्यासारखा नितळ होता. दाताला औषध लावून झालं आणि बाईंची पाठ वळताच आजोबांनी न राहवून बशीत उरलेल्या औषधात अंगठा बुडवला, मग नाकाचा शेंडा खाजला म्हणून तो खाजवला आणि शूरपणाबद्दल ठकूची हनुवटी कुरवाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना आरशात पाहतात तो नाकाच्या शेंड्यावर काळा डाग. अंगठाही काळा. साबण झाला, लिंबू झालं, भांडी घासायची घासणीसुद्धा झाली. डाग ढिम्म हलेना. नाक तेवढं लाल झालं.

"बाबा, काल ही पडली होती का?" सुनेनं ठकूला काळा डाग पडलेली हनुवटी वर करून समोर उभं केलं.

"शाई असेल."

"आणि तुमच्या नाकालाही शाईच?"

तेवढ्यात ठकूनं जांभई दिली आणि दात दिसला. तपकिरी ठिपका आता कोळशासारखा काळा झाला होता. सुनेनं खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून दवाखान्याचा कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. औषधानं कीड थांबेल, पण डाग काळा पडेल आणि दात पडेपर्यंत राहील. कातडीला लागल्यास तिथंही डाग पडेल, तो आठ-पंधरा दिवसांत जाईल. हे सर्व मला समजलं आहे.

"खाली सही कुणाची आहे, बाबा?"

सही इतकी देखणी होती की नाकबूल करायची सोय नव्हती. चांदी उजेडात काळी पडते हे एखाद्याला ठाऊक नसतं तर चाललं असतं, पण स्टुडिओत काम शिकायला आलेल्या प्रत्येक उमेदवाराला पहिल्या दिवशी हाच धडा आजोबांनी दिला होता. ते मटकन स्टुलावर बसले.

"मीच तिला तोंड मिटायला सांगितलं होतं गं," ते म्हणाले. "म्हटलं, दात पांढरा होईल, पोर पुन्हा हसेल. आता तर आणखीच काळा करून ठेवला."

सून रागवायचं विसरली. काळा म्हणजे कीड मेली, असं ती समजुतीनं सांगायला लागली, पण आजोबांची मान काही वर होईना.

ठकू मघापासून त्यांच्या नाकाकडे टक लावून बघत होती. ती जवळ आली आणि तिनं आपल्या दोन्ही तळव्यांनी त्यांचं नाक झाकलं.

"आजोबा, नाक झाकून घ्या. डाग दिसतोय."

आणि ती हसली. खदखदून, काळ्या दातासकट, तोंडावर हात न धरता. दोन्ही हात आजोबांच्या नाकावरच होते.

आजोबांनी त्याच दिवशी तिचा फोटो पुन्हा काढला. रात्री सवयीनं कुंचला हातात घेतला, बराच वेळ धरला आणि तसाच डबीत ठेवून दिला. ओळखपत्रावर तोच फोटो लागला.

स्टुडिओच्या काचेतही तो आहे. त्याच्या शेजारी आजोबांचा आहे, तो ठकूनं काढलेला. त्यात त्यांचं अर्धं डोकं कापलं गेलंय, पण नाक मात्र बरोबर मधोमध आलंय.