ज्ञानू आबांच्या गाण्यास आलेल्या प्रतिसादाचा अहवाल

कोणतेही गाणे ऐकले गेल्यामुळे मोठे होत नाही, ते प्रतिसादामुळे मोठे होते. ऐकणे ही खासगी बाब आहे आणि तिचा पुरावा मागे राहत नाही. प्रतिसादाचा राहतो, तोही वेळेसकट. म्हणून सुजाण समाज ऐकण्यात वेळ घालवत नाही, थेट प्रतिसादाकडे वळतो. आमची वस्ती या बाबतीत दौंड तालुक्यात कोणाला हार जाणार नाही, हे मी ग्रुपचा अॅडमिन या नात्याने नम्रपणे नमूद करतो.

माझे नाव पोपट. पाटसला स्टँडसमोर माझे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान आहे. 'आपली वस्ती, आपला अभिमान' हा ग्रुप मी स्थापन केला, त्याला नऊ वर्षे झाली. सभासद ३८६. (पैकी तिघे वारले आहेत, पण त्यांचे नंबर मुलांकडे असल्यामुळे त्यांचे 'शुभ सकाळ' अजून वेळेवर येते.) ग्रुपची शिस्त साधी आहे. रंगीत फोटो आला की वाढदिवस, काळा-पांढरा आला की श्रद्धांजली. तिसऱ्या प्रकारचा फोटो नऊ वर्षांत आला नव्हता. तो गेल्या सोमवारी सकाळी ६ वाजून ४१ मिनिटांनी आला, आणि म्हणून हा अहवाल.

फोटो टाकणारी अंकिता ही आमच्या ज्ञानू आबांची नात. वय चोवीस. रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे आणि कारेगावात दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. मोबाईलवर बघून बघून ती गिटार शिकली. ती 'कंट्री' आणि 'अमेरिकाना' नावाच्या प्रकारात मराठी गाणी रचते. हा प्रकार काय, असे मी तिला एकदा विचारले होते. ती म्हणाली, "काका, तिकडचे शेतकरी, गुराखी, ट्रकवाले यांची गाणी. घर मागं राहिलेल्या माणसांची." मी म्हणालो, मग ही आपलीच झाली, फक्त आपल्याकडे माणसे ती गात नाहीत, नुसती सांगतात, आणि ऐकणारा मध्येच उठून जातो.

आबांचे वय ब्याऐंशी. पूर्वी मेंढरे घेऊन रान तुडवायचे. मेंढरे विकून पंधरा वर्षे झाली. दौंडच्या डॉक्टरांनी त्यांचा उजवा कान पूर्ण गेल्याचे सांगितले आहे, आणि डावा दिवाळीपर्यंत टिकला तर नशीब समजा, असेही. अंकिताने घाईने गाणे केले ते यासाठी. गाणे आबांविषयीचे, त्यांच्या जुन्या कुत्र्यासकट. "डावा कान हाय तवर त्यांनी ते ऐकलं पाहिजे, काका," असे ती माझ्या दुकानात उभी राहून म्हणाली होती. आबांकडे साधा बटणांचा फोन आहे, म्हणून येत्या सुट्टीला येऊन ती त्यांना हेडफोन लावून ऐकवणार होती. तोवर ग्रुपला कळावे, म्हणून सोमवारी शिफ्टला आत जाताना गेटवर उभे राहून तिने गाण्याची लिंक टाकली. सोबत आबा आणि भुंग्या नावाचा तो कुत्रा यांचा काळा-पांढरा फोटो. खाली लिहिले: 'माझं पहिलं इंडिपेंडंट कंट्री साँग. ज्ञानू आबांसाठी.' मग तिने नियमाप्रमाणे फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवला आणि ती साडेतीनपर्यंत जगाला बंद झाली.

गाणे चार मिनिटे अकरा सेकंदांचे आहे. माझी 'भावपूर्ण श्रद्धांजली' ६ वाजून ४२ मिनिटांनी पडली.

या वेगाबद्दल माझे कौतुक झाले, ते मी एकट्याने घेणे योग्य नाही. वस्तीतील सत्तरी ओलांडलेल्या सर्वांचे मजकूर मी आधीच तयार करून ठेवलेले असतात, त्यामुळे ऐन वेळी शुद्धलेखनाच्या चुका होत नाहीत. कोणी विचारील, की तो फोटो तर तुमच्याच दुकानात स्कॅन झाला, तोही रंगीत (काळा-पांढरा तो अंकिताने नंतर केला), आणि आबांना तुम्ही आदल्याच दिवशी पानपट्टीवर पाहिले होते. हे सर्व खरे आहे. परंतु स्कॅन करणे हे दुकानाचे काम आहे आणि श्रद्धांजली हे ग्रुपचे. मी दोन्हींची सरमिसळ करत नाही.

माझ्यामागून प्रतिसादांना उधाण आले. अभ्यासकांच्या सोयीसाठी सांगतो, की मुख्य प्रवाह तीन होते. सर्वांत मोठा अर्थातच शोकाचा, २१४ सभासद. दुसरा शंभू गुरुजींचा. गुरुजी इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांनी फोटो न बघता मजकूर बघितला. त्यांनी लिहिले: 'इंडिपेंडंट म्हणजे स्वतंत्र. कंट्री म्हणजे देश. चि. अंकिताने स्वतंत्र देशाचे गीत गायले आहे. जय हिंद.' यावर एकतीस झेंडे आले आणि गाणे पंधरा ऑगस्टला शाळेत लावावे, अशी सूचना आली. तिला अनुमोदनही मिळाले.

तिसरा प्रवाह महिला बचत गटाच्या सगुणाबाईंचा. आमच्या भागात 'कंट्री' म्हटले की वळणावरच्या हिरव्या दाराआड मिळणारी सरकारमान्य देशी, दुसरे काही नाही. ते दार बंद करण्यासाठी सगुणाबाईंनी दोनदा मोर्चा काढला आहे. त्यांचा व्हॉइस मेसेज तीन मिनिटांचा होता (तोही कोणी पूर्ण ऐकला नाही, अंगठे १९). त्यात त्या म्हणतात, "पोरीच्या जातीनं कंट्रीवर गानं म्हणायचं, आन् ते बी आज्याच्या नावानं? आबांनी उभ्या जन्मात थेंब घेतला न्हाई. आज माणूस गेला आन् आजच ही बदनामी."

साडेसातच्या सुमारास एका समंजस सभासदाने पहिले दोन प्रवाह जोडून 'स्वातंत्र्यसैनिक ज्ञानू आबा अमर रहे' असे लिहिले. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आबा चार वर्षांचे होते. पण त्या काळी मुले लवकर मोठी होत, असे गुरुजींनी निदर्शनास आणले.

नऊच्या सुमारास पहिली मंडळी आबांच्या घरी पोचली. मी अॅडमिन म्हणून हजर होतो. आबा लिंबाखाली बाजेवर बसून चहात बटर बुडवत होते. मंडळी रीतीप्रमाणे काही न बोलता माना खाली घालून बसली. कोणीतरी दौंडहून हार आणला होता. तो कुठे ठेवावा हे न कळल्यामुळे त्याने तो बाजेच्या खुराला अडकवला.

आबांनी जरा वेळ सगळ्यांकडे बघितले. मग मला विचारले, "कोन गेलं रं, पोपट?"

मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकून म्हणालो, "आबा, तुम्ही."

"मी? कवा?"

"सकाळी. पावणेसातच्या सुमारास."

आबांनी बटर बशीत ठेवले. "पावणेसातला तर मी शेरडाला पाला टाकत हुतो. मंग ते कोन हुतं?"

"ते बघावं लागल," मी म्हणालो.

"बघ आन् सांग. तवर ह्यास्नी च्या द्या म्हनावं."

अंकिताची आई सुरेखा चुलीपुढे बसली ती संध्याकाळीच उठली. तिचा फोन आत चार्जिंगला होता आणि वाजत होता, पण कपबशांच्या आवाजात तो कोणाला ऐकू आला नाही. माणसे येतच राहिली. बांधावरून आबांशी सतरा वर्षे न बोललेला शेजारीही आला, उजव्या बाजूला बसला आणि म्हणाला, "देवमाणूस हुता." आबा म्हणाले, "आँ?" शेजारी म्हणाला, "काय न्हाई." त्या दिवशी आबांबद्दल जे जे चांगले बोलले गेले, ते बहुतेक उजव्या बाजूलाच बोलले गेले. सावली तिकडे होती.

दुरुस्ती करणे माझे कर्तव्य होते. पण श्रद्धांजली डिलीट केली, तर २१४ सभासदांचा शोक बिनबुडाचा ठरतो आणि त्यांना पुन्हा शोक करायला लावणे अवघड जाते. म्हणून मी कोणालाही न दुखावणारी भाषा वापरली: 'ज्ञानू आबा यांच्यासंबंधीचा पुढील कार्यक्रम अपरिहार्य कारणास्तव तूर्त स्थगित ठेवण्यात आला आहे. नोंद घ्यावी.' (अपरिहार्य कारण म्हणजे आबा.) यावर ४१ जणांनी हात जोडले, नऊ जणांनी पुन्हा श्रद्धांजली वाहिली आणि एकाने विचारले, 'मग आता किती वाजता?'

साडेतीनला शिफ्ट सुटली. अंकिताने लॉकरमधून फोन काढला. गाणे कसे वाटले हे बघायला तिने ग्रुप उघडला आणि तिला दोनशे चौदा श्रद्धांजल्या दिसल्या. त्याखाली माझी दुरुस्ती. ती वाचून तिची खात्रीच पटली. आबा गेले, आणि ती पोचावी म्हणून माती थांबवून ठेवली आहे, एवढाच अर्थ त्या वाक्यातून निघत होता. आई फोन उचलेना. मग तिने मला लावला.

"काका, आबा..." एवढेच ती बोलू शकली.

मी म्हणालो, "तू आधी ये. मग बोलू."

अशा प्रसंगी फोनवर हेच बोलायचे असते, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. ती जिवंत माणसालाही लागू करावी का, याचा विचार मी नंतर केला.

ती खोलीवर गेली, गिटार उचलली आणि शिरूरला येऊन चौफुल्याची एसटी धरली. पुढे तीनचाकीतून पाटस. साडेसहा वाजले. तिने नंतर मला सांगितले, "काका, एसटीत मी ते गाणं मनात चौदा वेळा म्हटलं. म्हटलं, न्यायच्या आधी एकदा कानाशी म्हणीन. डाव्या."

दारात चपलांचा ढीग होता. आवारात साठेक माणसे. तिला बघून सगळे रीतीप्रमाणे बाजूला झाले आणि मधल्या वाटेच्या टोकाला बाजेवर आबा बसले होते, गळ्यात दौंडचा हार. (दिवसभर तो खुराला लटकत होता आणि शेरडू त्याला तोंड लावत होते, म्हणून त्यांनी तो स्वतःच घालून घेतला होता.)

"ये गं," आबा म्हणाले. "तुझ्या गान्यानं मी मेलो म्हनं."

अंकिता तिथेच जमिनीवर बसली आणि मोठ्याने रडली. तिच्या पाठीवर हात ठेवायला कोणाला सुचले नाही, कारण सांत्वनाचे सगळे शब्द सकाळपासून आबांवर संपले होते. मला वाईट वाटले. मला स्वतःची लाज वाटली. (ही दोन वाक्ये अहवालातून वगळावीत.)

मग तिने नाक पुसले, बाजेच्या डाव्या बाजूला बसली आणि गायला लागली. हळू आवाजात, आबांच्या कानाशी. जमलेल्यांपैकी अडतीस जणांनी फोन उंच धरले. चौघे थेट प्रक्षेपण करत होते. शेरडू सारखे चौकटीत येत होते आणि ते हाकलण्याची जबाबदारी माझ्यावर होती, त्यामुळे गाण्यात काय होते हे मी सांगू शकत नाही. इतरही सांगू शकणार नाहीत. प्रत्येक जण आपल्या पडद्यात आबांचा चेहरा नीट येतोय का, ते बघत होता. त्यातील सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या चित्रफितीचे शीर्षक आहे: 'कै. ज्ञानू आबा नातीचे गाणे ऐकताना'.

आबांनी डोळे मिटले होते. गाणे संपले. टाळ्या झाल्या. आबांनी हात वर करून त्या थांबवल्या.

"भुंग्याची शेपटी डावीकडं वळल्याली म्हनलीस. ती उजवीकडं वळायची. डावीकडं त्याच्या आईची."

"व्हय, आबा?"

"व्हय. तेवढं नीट कर आन् पुन्यांदा म्हन. कान हाय तवर."

तिने शेपटी दुरुस्त केली आणि पुन्हा म्हटले. दुसऱ्या वेळी फारसे कोणी नव्हते. मंडळी वेशीपर्यंत गेली होती, कारण चित्रफिती चढवायला तिकडे रेंज चांगली येते.

आता आकडे. सभासद ३८६. प्रतिसाद देणारे ३०१. लिंक उघडणारे पाच, सरासरी नऊ सेकंद. (अंकिताने मला फोनवर ते दाखवले आणि विचारले, "काका, तुम्ही ऐकलं का?" मी म्हणालो, "छान आहे." ती म्हणाली, "कुठलं कडवं?" मी म्हणालो, "सगळीच.") शेपटीविषयीची प्रतिक्रिया अंगठा, झेंडा किंवा जोडलेले हात यांपैकी कशातच बसत नसल्याने ती 'इतर' या सदरात घेतली आहे. त्या सदरात ती एकटीच आहे.

हा अहवाल उद्या ग्रुपवर जाईल आणि पहिला अंगठा मिनिटाच्या आत येईल, याविषयी मला शंका नाही. आपण ग्रुपचे सभासद नसूनही इथपर्यंत वाचत आलात, याचे मला कौतुक वाटले. आपण आमच्यापेक्षा बरे निघाल, असे मी क्षणभर धरून चाललो होतो. मग लक्षात आले, की आबा मेले की नाही, हे आपल्याला पहिल्यापासून जाणून घ्यायचे होते. पोरगी वेळेत पोचते की नाही, हेही. पण त्या गाण्याचे शब्द काय होते, याची चौकशी आपल्याही मनात एकदा आली नाही. कृपया गैरसमज नसावा. आपला अंगठा आम्ही नोंदवून घेतला आहे.