‘येतो’ म्हणायचं

आमच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षातून ‘जातो’ असं म्हणून कुणालाही बाहेर पडता येत नसे. निघणाऱ्याच्या तोंडून तो शब्द निसटला की टेबलामागून आवाज येई, “ओ पावणं, मागं या.” मग त्या माणसाला परत खुर्चीत बसावं लागे, तांब्यातलं घोटभर पाणी प्यावं लागे, पुन्हा उठावं लागे आणि दारात उभं राहून नीट ‘येतो’ म्हणावं लागे. त्यावर आतून ‘या’ असं उत्तर आलं की सुटका.

टेबलामागे अधीक्षक दिनकरराव खोत बसत. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचे अर्ज, परदेशातून येणारे प्राध्यापक, वर्षातून एकदा होणारा जागतिक विकास सप्ताह, हे सगळं त्यांच्या हाताखालून जाई. मी शेजारी ग्रंथालयात. मध्ये एकच भिंत. त्यामुळे ‘मागं या’ हे शब्द मी अठरा वर्षं ऐकले.

कुरियरवाल्याची त्यातून सुटका नव्हती, तशी दिल्लीहून तपासणीला आलेल्या साहेबांचीही नव्हती. दिवसभर फायली बघून ते उठले आणि म्हणाले, “अच्छा खोतजी, चलता हूँ.”

“चलता नहीं साहब. आता हूँ बोलो.”

“कहाँ आना है?”

“आना नहीं है, जाना है. लेकिन आता हूँ बोलके जाना है.”

साहेबांनी बॅगेतून आपला दौऱ्याचा कागद काढला आणि उभ्या उभ्या दोनदा वाचला. शेवटी त्यांनी दारात ‘आता हूँ’ म्हटलं. अहवालात त्यांनी कक्षाचं काम समाधानकारक असल्याचं लिहिलं.

मी एकदा खोतसाहेबांना विचारलं, हा एवढा हट्ट कशासाठी? ते म्हणाले, “मगदूमबाई, माणूस ‘जातो’ म्हणून गेला की मागं वळून बघायचं त्येच्या ध्यानात ऱ्हात न्हाय. ‘येतो’ म्हणून गेला की निदान शब्द अडकून ऱ्हातोय दारात.”

त्यांच्या भिंतीवर चार घड्याळं होती. खाली पाट्या होत्या: टोकियो, बर्लिन, टोरांटो आणि मुरगूड. मुरगूड हे त्यांचं गाव, कोल्हापूरहून तासा-दीड तासाच्या रस्त्यावरचं. नवे कुलगुरू पहिल्यांदा कक्ष बघायला आले तेव्हा त्या चौथ्या पाटीपाशी थांबले.

“खोत, मुरगूडची वेळ आपल्यापेक्षा वेगळी असते का?”

“न्हाय साहेब, तीच की. म्हणून तर लावलंय. बाकीची तीन चुकली तर लावायची कशावरनं?”

कुलगुरूंनी आपलं मनगटावरचं घड्याळ त्याच्याशी ताडून बघितलं. घड्याळ राहिलं.

स्वतः खोतसाहेब मुंबईच्या पलीकडे कधी गेले नव्हते. त्यांच्याकडे पासपोर्टही नव्हता. पण जगातल्या कुठल्याही गावाचं हवामान ते मुलांना समजावून सांगत, आणि मुलं ते विसरत नसत, कारण मापं घरची असत. “फिनलंडची थंडी म्हणजे आपल्या पन्हाळ्याची न्हवं. पन्हाळ्यावर दुसरा पन्हाळा ठेवायचा, त्येच्यावर तिसरा. त्या तिसऱ्यावर तू बनियनवर उभा हाईस. आता स्वेटर किती घेणार, सांग.” एका मुलाला इंग्लंडच्या पावसाची भीती वाटत होती. त्याला त्यांनी एवढंच विचारलं, “राधानगरीला मामाकडं गेलतास काय कधी पावसाळ्यात? मग झालं. इंग्लंडचा पाऊस नुसता शिंकतोय.”

“तुम्ही एकदा जाऊन या की,” असं आम्ही सगळेच त्यांना म्हणत असू.

“मी गेलो तर ‘या’ कोण म्हणणार?” असं म्हणून ते फाईल उघडत.

परदेशी विद्यापीठांशी त्यांचा पत्रव्यवहार चोख, इंग्रजी कडक इस्त्रीचं. मात्र प्रत्येक ईमेलच्या शेवटी, सही करण्याआधी, एक ओळ ठरलेली असे: आपण जेवलात का, हे कृपया कळवावे. कोल्हापुरात हे कुणालाही विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. पण नॉर्वेमधल्या एका समन्वयक बाईंना ती अधिकृत विचारणा वाटली. त्या दरवेळी कराराच्या मुद्द्यांखाली आपलं जेवण लिहून पाठवू लागल्या. खोतसाहेब ती पत्रं छापून फाईलला लावत. एके दिवशी ते हातात कागद घेऊन ग्रंथालयात आले. चेहरा गंभीर होता. मला वाटलं, करार मोडला.

“बाई, सलग तिसरं पत्र. नुसतं सूप. ह्या बाईंच्या घरी काय तरी बरं न्हाय बघा.”

त्यांनी नॉर्वेला झुणक्याची कृती पाठवली. करार पुढं पाच वर्षांसाठी वाढवण्यात आला.

‘येतो’मुळे विद्यापीठाची एकदाच पंचाईत झाली. विकास सप्ताहासाठी एक जर्मन प्राध्यापक आठवडाभर राहिले होते. सज्जन माणूस. खोतसाहेबांनी त्यांच्याकडून ‘येतो’ हा एक शब्द घोटून घेतला होता. ते पहाटे गाडीने पुण्याला गेले आणि विमानतळावरून, केवळ शिष्टाचार म्हणून, त्यांनी विद्यापीठात फोन लावला. तो कुलसचिवांच्या स्वीय सहायक बाईंनी घेतला. पलीकडून स्पष्ट मराठीत शब्द आला, “येतो.” आणि फोन बंद झाला.

बाईंनी वर कळवलं की जर्मन पाहुणे परत येत आहेत. फेटेवाल्याला बोलावणं गेलं. कुलगुरूंनी बैठक पुढं ढकलली. दुपारपर्यंत सगळे मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर हार घेऊन उभे होते. खोतसाहेब त्या दिवशी रजेवर होते, नाहीतर उलगडा तिथंच झाला असता. दुसऱ्या दिवशी पाहुणे सुखरूप घरी पोचल्याची ईमेल आली आणि खोतसाहेबांकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. त्यांचं उत्तर मी स्वतः वाचलं आहे. ‘पाहुणे येतो म्हणाले, याचा अर्थ ते गेले, असा घ्यावा. ते जातो म्हणाले असते तर काळजीचे कारण होते.’

पुढच्या वर्षी प्राध्यापक खरोखरच आले. खोतसाहेबांनी कुणाला काही म्हटलं नाही. फक्त त्यांना घेऊन सगळ्या इमारतीतून एक फेरी मारली.

त्यांच्याकडे एक लांबोडी, लाल कापडी पाठीची वही होती. परदेशी गेलेल्या प्रत्येक मुलाची तीत एक ओळ: नाव, गाव, देश, अभ्यासक्रम आणि शेवटचा रकाना ‘परत’. मूल परत येऊन भेटलं की त्या रकान्यात निळ्या शाईनं ‘आला’ किंवा ‘आली’. जी मुलं तिकडेच नोकरीला लागली, संसाराला लागली, त्यांच्या ओळीत शिसपेनीनं ‘येणार’. शिसपेन पुसट होते, म्हणून दर पाडव्याला ते टोक करून बसत आणि सगळे ‘येणार’ पुन्हा गिरवत. त्यातल्या काही मुलांचे आता केस पांढरे झाले असतील.

अर्जात रिकामी जागा त्यांना चालत नसे, आणि त्याहून चालत नसे ते ‘लागू नाही’. मुलं कंटाळली की जिथं तिथं ‘लागू नाही’ लिहितात. खोतसाहेब असा अर्ज दोन बोटांत धरून परत देत. “लागू न्हाय म्हंजे? माणसाला लागू न्हाय असं काय बी नसतंय. नीट आठवून लिव्ह.”

त्यांची मुलगी ऋतुजा रसायनशास्त्रात एम. एस्सी. झाली. ती सातवीत असताना तिची आई आजारपणात गेली, तेव्हापासून घरात दोघंच. वेणी घालायला खोतसाहेब आमच्या कार्यालयातल्या शिपाई मावशींकडून शिकले होते. सरावासाठी फायली बांधायच्या नाड्या वापरायचे, आणि काही दिवस कक्षातल्या सगळ्या फायलींना तीनपेडी गाठी होत्या. तर त्या ऋतुजाला फिनलंडच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येणार होता. अर्ज जायचा होता बापाच्याच टेबलावरून. ती गेली तर राजारामपुरीतल्या त्या दोन खोल्यांत खोतसाहेब एकटे उरणार, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं.

त्यांनी तिचा अर्ज परत पाठवला. तोंडी नाही, रीतसर जावक क्रमांक घालून, टपालानं. ‘कु. ऋतुजा दिनकर खोत यांस. आपला अर्ज त्रुटींमुळे परत करण्यात येत आहे.’ शनिवारी पोस्टमन घरी आला तेव्हा ते पत्र त्यांनीच सही करून घेतलं आणि आत हाक मारली, “ऋतुजा, विद्यापीठाचं पत्र आलंय बघ.”

अर्ज पुन्हा आला. त्यांनी पुन्हा परत पाठवला. मुदत संपत आली. इमारतीत कुजबुज सुरू झाली. “दुनियेची पोरं पाठवली, सोताची सोडवंना,” असं शिपाई मावशी तोंडावर म्हणाल्या. मी भांडणारी बाई नाही, पण त्या दिवशी मीही त्यांच्या दारात गेले.

“खोतसाहेब, तुमच्या हातून होत नसेल तर मी नेऊन देते अर्ज.”

“अर्ज अपुरा हाय, बाई. अपुरा अर्ज मी कुणाचाच फुडं घालत न्हाय.”

“आणि मुलीचं नुकसान?”

“तेच तर म्हंतोय,” ते म्हणाले आणि खाली बघून शिक्के पुसू लागले.

मला राग आला. पुढचे दोन दिवस संध्याकाळी घरी निघताना मी त्यांच्या दारात ‘येते’ म्हटलं नाही. भिंतीपलीकडून तरीही ठरल्या वेळी ‘या’ ऐकू आलं.

शेवटच्या दिवशी अर्ज गेला. ऋतुजाची निवड झाली. मुंबईच्या बसला तिला सोडायला आम्ही सातआठजण स्टँडवर गेलो होतो. ती वाकून पाया पडली. खोतसाहेब तिच्या कानाशी काहीतरी बोलले. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिचेही ओठ हलले आणि ती बसमध्ये चढली. त्यांनी तिला मागं बोलावलं नाही. बस सुटल्यावर मावशी मला म्हणाल्या, “आज ‘येते’ म्हणायला लावायचं इसरलं की हो साहेब.” मलाही तसंच वाटलं.

फिनलंडचं घड्याळ त्यांनी भिंतीवर लावलं नाही. मात्र त्यांचा जेवणाचा डबा, जो इतकी वर्षं दीड वाजता उघडे, तो साडेतीनला उघडू लागला. तिकडे तेव्हा बारा वाजत. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढं करतात. मग यांचा डबा अडीचला. पित्ताच्या गोळ्या त्यांनी टेबलाच्या खणात ठेवल्या होत्या.

ते निवृत्त झाले. काम सगळं संगणकावर गेलं, म्हणून ती वही ते घरी घेऊन गेले. यंदाच्या जानेवारीत एका सकाळी चहा घेताना खोतसाहेब गेले. कुणाला काही म्हणायला त्यांना वेळ मिळाला नाही.

ऋतुजा आली. दिवसकार्य उरकल्यावर ती वही घेऊन ग्रंथालयात आली. “काकू, ही तुमच्याकडे राहू दे,” म्हणाली. आम्ही दोघी पानं उलटत बसलो. तिच्या ओळीशी आलो. नाव, गाव मुरगूड, देश फिनलंड. शेवटच्या रकान्यात ‘येणार’ नव्हतं. पक्क्या निळ्या शाईत, त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: ‘लागू नाही’.

मी वही मिटणार होते. तिनं हात ठेवला.

“अर्जात चुका मी मुद्दाम करत होते, काकू. मला जायचंच नव्हतं. बाबांना टाकून कशी जाणार? ‘परदेशी शिकण्याचा उद्देश’ ह्याच्यापुढं मी ‘लागू नाही’ लिहून द्यायचे. ते टपालानं परत पाठवायचे. तिसऱ्यांदा रात्रीचं ताट बाजूला सारून बसले आणि म्हणाले, आता लिव्ह, मी उठत न्हाय.”

मला ते दोन दिवस आठवले.

“आणि स्टँडवर?” मी विचारलं.

“मी ‘येते बाबा’ म्हणणारच होते. ते कानाशी म्हणाले, ‘तू येते म्हणू नगंस. शब्दात अडकशील. जाते म्हण.’” ती वहीकडे बघत होती. “मी म्हटलं. ‘जाते’ म्हटलं.”

तिची परतीची बस संध्याकाळची होती. ती उठली, पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेली आणि वळून उभी राहिली.

“येते, काकू.”

“ये,” मी म्हटलं. भिंतीपलीकडे आता दुसरे साहेब बसतात.

ग्रंथालयात जमा झालेल्या वहीत कुणी काही लिहू नये, असा नियम आहे. त्याची पाटी मीच लिहून लावली आहे. शिसपेन कुठं ठेवली ते शोधायला मला थोडा वेळ लागला. मग टोक केलं. ‘लागू नाही’च्या शेजारी एका शब्दापुरती जागा होती.