महाराजांचे निळ्या मोटारीचा गियर बदलिला त्याची हकीकत

श्रीकुलदेवतेचे पाय स्मरून, आणि जें घडलें त्यांतील आपला वांटा न लपवितां, चाकरींतला एक कारकून लिहितो. शके एकोणीसशें चाळीस, विलंबीनाम संवत्सर, मास पौष. राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण राज्य म्हणावें ऐसें उरलें तरी किती! एक बंगला, मागें चार आंब्याचीं झाडें, एक मोटारखाना आणि आम्ही तीन-चार माणसें. तरी आम्ही त्यास राज्य म्हणतों आणि हैबतरावसाहेबांस महाराज म्हणतों, आणि ज्यास हंसूं येईल त्यानें खुशाल हंसावें.

सहा वर्षांमागें महाराजांस अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा पाय व डावा हात कामांतून गेले. तेव्हांपासून महाराजांस उठवावें दुसऱ्यानें, बसवावें दुसऱ्यानें, सदऱ्याच्या गुंड्या लावाव्या त्याही दुसऱ्यानें. परंतु मोटारखान्यांत महाराजांचे तीर्थरूपांनीं साठ वर्षांमागें समुद्रापलीकडून आणविलेली निळी मोटार होती, आणि तिचा गियर आपोआप बदलत असे, ज्यास मिस्त्री लोक ऑटोमॅटिक म्हणतात. क्लच दाबणें नाहीं, घडोघडी दांडा ओढणें नाहीं, सबब डाव्या पायास कामच नाहीं. मग महाराज रोज चार वाजतां मोटारींत एकटे बसत आणि धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊन येत, आणि सोबत कोणासही घेत नसत. आम्ही जीव मुठींत धरून फाटकाशीं उभे राहत असूं, तेव्हां राणीसाहेब मैनाबाई म्हणत, "जाऊ द्या हो. दिवसातला तेवढा एक तास त्यांना कुणी धरत नाही." यास्तव ती मोटार हीच महाराजांची गादी होती, हें वाचणारानें ध्यानीं ठेवावें.

तों श्रावणापासून गियर घसरूं लागला. इंजिन नुसतें ओरडे आणि मोटार पुढें सरकेना, आणि भाद्रपदांत धरणाच्या चढावर ती मध्येंच उभी राहिली, आणि महाराजांस एका ट्रॅक्टरवाल्यानें दोर बांधून बंगल्यापर्यंत ओढीत आणिलें. त्या दिवशीं महाराज जेवले नाहींत. मग रखमाजी मिस्त्रीस बोलावणें गेलें. हे रखमाजी आमचे मोटारखान्याचे सरदार, चाळीस वर्षें ट्रक आणि जीपगाड्यांखालीं निजलेले. त्यांनीं तेल बोटावर घेऊन वास घेतला आणि बोलिले, "सरकार, तेल जळालंय. आतल्या पट्ट्या गेल्या. ह्यो डबा आता ऱ्हात न्हाई, दुसराच बसवाया लागंल." "तर दुसरा आणा," ऐसा हुकूम जाहला. हुकूम करणें सोपें! तीन महिने मी पत्रें पाठविलीं, फोन केले, भंगारवाल्यांच्या विनवण्या केल्या, आणि अखेर बंदराच्या शहरीं दिनशाजी नांवाचे एक पारशी वृद्ध, पूर्वी मोटारींचा व्यापार केलेले, यांचे गुदामांत तशाच मोटारीचा गियरचा डबा गोणपाटांत बांधून ठेविलेला सांपडला. दुसरा कोठेंही नव्हता. मग रखमाजी आणि मी टेंपो घेऊन तेथें गेलों.

डब्याच्या तोंडाशीं परातीएवढा लोखंडी भोपळा बसतो, त्याचें नांव कन्व्हर्टर. दिनशाजींनीं त्यावर हात ठेविला आणि सांगितलें, "बघ मिस्त्री, हे क्लचचं काम नाय. हा आत घालताना फिरवत ऱ्हायचा. तीन वेळेला ठक करून आत बसेल. दोन ठकवर भरोसा करू नको, डीकरा. तिसरा ठक नाय झाला ने तू बोल्ट आवळले, तर आतला तेलाचा पंप पण गेला ने डबा पण गेला." रखमाजी "व्हय, व्हय" म्हणाले. जन्मभर गाड्या जोडलेल्या माणसास कोणी शिकवूं लागला म्हणजे तो जैसें व्हय म्हणतो, तैसें म्हणाले. मी मात्र शब्दन्‌शब्द ध्यानांत ठेविला, आणि तेंच माझें पाप. ज्यानें ऐकलेंच नाहीं त्याचें पाप लहान.

डबा राज्यांत आला तेव्हां बाळंभट जोशी यांनीं मुहूर्त काढिला तो मार्गशीर्ष वद्य पंचमी, सकाळीं नऊ वाजून बारा मिनिटांपासून नऊ चाळीसपर्यंत. तेवढ्यांत डबा इंजिनास जोडला पाहिजे. आणि या राज्याची जुनी रीत ऐसी कीं, मुहूर्त लागला असतां कोणीं नकार तोंडांतून काढूं नये. नाहीं म्हणूं नये, थांबा म्हणूं नये, विचारिलें तर शुभच बोलावें. लग्नांत हीच रीत, वास्तूस हीच, विहीर खणतांना हीच. या रीतीपायीं आंब्याखालील विहिरीस आजतागायत पाणी लागलें नाहीं, परंतु रीत कोणीं मोडिली नाहीं.

मग त्या दिवशीं मोटारीस हळदकुंकू वाहिलें, नारळ फोडिला, आणि महाराज खुर्चीवर येऊन बसले. सदरा इस्त्रीचा होता आणि मोटारीची किल्ली उजव्या मुठींत होती. बाळंभटांनीं घड्याळ पाहून हात वर केला, आणि रखमाजी भोपळा हातीं घेऊन डब्याच्या तोंडांत फिरवूं लागले. एक ठक जाहला. पुष्कळ फिरविल्यावर दुसरा जाहला. आणि मग फिरवितात, फिरवितात, आणि कांहींच होईना. बाळंभट म्हणाले, "मिस्त्री, बारा मिनिटं राहिली बरं का." मग रखमाजींनीं डबा जॅकवर चढविला, मोटारीखालीं सारिला, इंजिनास भिडविला, आणि बोटभर फट राहिली. ट्रकचा डबा ऐसा अडला म्हणजे बोल्ट आवळून ओढून घ्यावा, ही रखमाजींची चाळीस वर्षांची संवय, आणि ती त्यांस कधीं दगा देती जाहली नव्हती.

पान्हा लावितांना त्यांचा हात जरा थांबला, तों महाराजांनीं विचारिलें, "काय मिस्त्री, बसला का?"

मोटारीखालून आवाज आला, "बसला, सरकार!" बाळंभट म्हणाले, "बसला!" राणीसाहेब हात जोडून म्हणाल्या, "बसला." आणि महाराजांनीं माझेकडे पाहिलें. मी दोन मोजिले होते. जीभ उचलली असती तर नऊ चाळीस टळून गेले असते, एवढेंच, आणि दुसऱ्या दिवशीं दुसरा मुहूर्त मिळाला असता. मी म्हणालों, "बसला, महाराज." मग बोल्ट आवळले गेले, आणि आंत सुपारी फुटल्यासारखा आवाज जाहला, आणि सर्वांनीं तो ऐकिला, आणि पेढे वांटिले.

पुढें तेल भरिलें, आणि महाराजांस मोटारींत बसविलें, आणि आम्ही रीतीप्रमाणें दूर सरलों. किल्ली फिरली. आंतून लोखंड दळल्यासारखी घरघर आली आणि खालीं तेलाचें थारोळें जाहलें. महाराजांनीं उजव्या हातानें दांडी पुढें घेतली, मागें घेतली, पुन्हा पुढें घेतली, आणि मोटार जागची हलली नाहीं. आम्हीं कोणीं महाराजांचे तोंडाकडे पाहिलें नाहीं. डबा उतरविला तों पंपाचे दांते मोडलेले, आणि डब्याचें तोंड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चिरलेलें. मी दिनशाजींस फोन केला. सर्व ऐकून ते म्हणाले, "दोन ठक झाले होते ना?" आणि फोन ठेविला.

रखमाजी चार दिवस घराबाहेर पडले नाहींत. पांचवे दिवशीं आले ते जीपचा हाताच्या गियरचा डबा घेऊनच आले, आणि कामास लागले. डबा धरावयास लोखंडी पट्ट्या जोडिल्या, पत्रा कापून दांड्यास वाट केली, क्लचचें पेडल बसविलें. राणीसाहेब एकदां येऊन पाहून गेल्या. मी रखमाजींस हळूच म्हटलें, "मिस्त्री, महाराज क्लच कसे दाबणार?" ते वर न पाहतां बोलिले, "ठावं हाय मला. मी चालवीन त्यांला. गाडी मेलेली न्हाई बघवत." अकरा दिवसांनीं मोटार मोटारखान्याबाहेर आली, आणि चालली ऐसी गोड कीं पूर्वी कधीं चालली नव्हती.

महाराज काठी टेकीत आले आणि खिडकींतून वांकून आंत पाहूं लागले. पेडलें तीन होतीं. पुष्कळ वेळ पाहिलें. रखमाजींनीं टोपी काढिली आणि ते रडूं लागले. महाराज म्हणाले, "रडू नका, मिस्त्री. मोटार वाचवलीत तुम्ही." मग मागच्या दाराशीं गेले आणि एका हातानें तें उघडेना, तें मीं उघडिलें, आणि दोघांनीं धरून आंत बसविलें. धरणापर्यंत गेलों आणि आलों. परत आल्यावर महाराज मागें तैसेच बसून राहिले आणि आम्हांकडे न पाहतां, चाकरानें धन्यास विचारावें इतक्या हळू आवाजांत विचारते जाहले, "उद्या चार वाजता तुमच्यापैकी कुणाला वेळ आहे?"

आम्ही सर्व एकदम म्हणालों, "आहे, महाराज."

येणेंप्रमाणें गियर बदलिला. जुना डबा भंगारांत गेला, दुसरा चिरला, तिसरा उत्तम चालतो आहे. मुहूर्ताची रीत अद्याप चालू आहे. मोटार चालविण्याच्या पाळ्या लाविल्या आहेत, आणि आज पाळी माझी; पावणेचार जाहले, सबब लेखणी ठेवितों.