चालू गाडीचं उत्तर

क्लेमेंटिनाच्या पत्राला कायतान मास्तरांनी सहा महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता: "पपाची गाडी चालू आसा? आसली तर माका एकदा तिच्यातून वालावलीक ने." थोरली बहीण ब्याऐंशी वर्षांची, कुडाळला राहणारी. 'नाय' लिहायला मास्तरांचा हात धजेना, आणि 'आसा' लिहिणं खोटं झालं असतं.

गाडीची माहिती त्यांना तोंडपाठ होती. एक हजार एकोणनव्वद सीसी, चार सिलिंडर, पॉइंटची फट इतकी, टॅपेटची तितकी. फक्त बॉनेट त्यांनी कधी स्वतः उघडलं नव्हतं. या उन्हाळ्यात मात्र त्यांनी निर्धार केला. गाडीचं माहितीपुस्तक बॅटरीवर उघडं ठेवून कार्ब्युरेटर धुतला, प्लग घासले, आणि एका सकाळी इंजिन खोकत खोकत सुरू झालं. मास्तरांनी लगेच पोस्टकार्ड लिहिलं, 'गाडी चालू आसा. रविवारी येतंय.' कार्ड खिशात घालून ते गाडीनेच चौके गावच्या पोस्टाकडे निघाले.

कुंभारमाठच्या चढावर गाडी बंद पडली. उन्हाने पेट्रोलची पाइपातच वाफ झाली होती. पुस्तकाचं पान एकेचाळीस. उपाय, इंजिनातल्या पेट्रोलपंपावर ओलं फडकं. ते शोधत असताना मासे विकणारी नर्मदा टोपली घेऊन आली. तिने माशांवरचं बर्फाळ गोणपाट काढून मास्तरांनी दाखवलेल्या पंपावर थापलं. गाडी सुरू झाली. बदल्यात तिला चौक्याला सोडायचं ठरलं.

चौके आलं. पण त्याच पानावर खाली लिहिलं होतं की तापलेलं इंजिन बंद केल्यास लवकर सुरू होत नाही. वेग कमी केला तरी ते गचके खाई. पोस्ट मागे गेलं.

"मास्तरानू, माझी गिऱ्हाइकां थंय रवली," नर्मदा म्हणाली.

"थांबलंय तर संपलंय," मास्तर म्हणाले.

धामापूर गेलं, नेरूर गेलं. प्रत्येक पोस्टाकडे मास्तरांनी मान वळवून पाहिलं. गाडी थांबली ती क्लेमेंटिनाच्या फाटकाला टेकूनच. नर्मदा पुटपुटत टोपलीसह कुडाळच्या बाजाराकडे गेली.

गाडी पाहताच क्लेमेंटिना कपडे बदलायला आत वळली. तिला तयार व्हायला अर्धा तास लागला, तेवढ्यात इंजिन निवलं. पुढच्या सीटवर बसून तिने नाक मुरडलं. "पपाच्या वेळाक ह्यो वास नाय होतो."

वालावलच्या रस्त्याला लागताना पोस्टाच्या लाल पेटीसमोरच गाडी पुन्हा बंद पडली. मास्तरांनी मान खाली घातली. क्लेमेंटिनाने त्यांच्या खिशातून डोकावणारं कार्ड ओढलं, वाचलं, आणि बॉनेटकडे पाहिलं.

"फाडून टाक गो," मास्तर म्हणाले. "खोटां आसा तां."

"कित्याक? कार्ड घराक पोचापर्यंत गाडी होतली चालू," ती म्हणाली, आणि उतरून तिने ते पेटीत टाकलं.