डिंकाचे रविवार

कादंबरी छापण्यापूर्वी कुणाला तरी दाखवा, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. छापखानेवाल्यानंसुद्धा. पण मी ठरवलं, संपादन आपलं आपणच करायचं. (स्वतःच्या लेकराचं नाक पुसायला बाहेरचा माणूस कशाला?) तीन वेळा वाचली. तिन्ही वेळा डोळ्यांत पाणी आलं आणि एकही चूक दिसली नाही. स्वखर्चानं छापलेल्या दोनशे प्रती घरी आल्या, त्या पलंगावर बायकोच्या बाजूला रचून ठेवल्या.

ती बाजू रिकामीच होती म्हणा. बायको औषधांच्या कारखान्यात, तपासणी विभागात. दोन वर्षांपूर्वी तिची बदली झाली ती सहा तासांच्या अंतरावर. महिन्यातून एक रविवार घरी. एरवी मी कुलूप उघडून आत शिरतो, सवयीनं "आलो गं" म्हणतो आणि मग आठवतं. कादंबरी लिहिली तीही खरं तर संध्याकाळी कुणाशी तरी बोलावं म्हणून. (लोकांना मी साहित्याची ओढ वगैरे सांगतो.)

तर ती आली. चपला काढायच्या आत मी पुस्तक तिच्या हातात दिलं. एक लेबल वाकडं लागलं तर अख्खा लॉट परत पाठवणारी ही बाई. दुपारपर्यंत तिनं ते वाचून संपवलं. मी समोर बसून तिचा चेहरा बघत होतो.

"अहो, नायिकेचे वडील बाविसाव्या पानावर वारले ना?"

"हो! रडू आलं ना?"

"मग नव्वदाव्या पानावर जावयाला 'बसा' कोण म्हणतंय?"

नोकरीला मी जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर. तिथे एकदा मेलेल्या माणसाला जिवंत व्हायचं तर तीन अर्ज आणि दोन साक्षीदार लागतात. माझ्या कादंबरीत सासरेबुवा नुसतेच उठून आले होते.

"आता गं?"

"आता काय? वडिलांच्या जागी काका करायचे. दोनशे चिठ्ठ्या कापा. घरात डिंक आहे का?"

पलंगावर पुस्तकं, म्हणून जमिनीवर बसलो. चिठ्ठ्या मी कापायच्या, चिकटवायच्या तिनं. मधूनच तिनं नव्या साहेबांची नक्कल करून दाखवली. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता आणि मला वाटत होतं, दोनशे फार कमी छापल्या. साठ झाल्या तोवर तिच्या बसची वेळ झाली.

"येत्या रविवारी येते," ती म्हणाली. "अर्धवट टाकून कसं चालेल?"

महिन्याची बाई आठवड्यावर आली! मी मनातल्या मनात त्या मयत सासऱ्यांचे पाय धरले.

वडील मार्गी लागले, तर नायकाचा हात निघाला. प्लास्टरमधल्या हातानं तो नायिकेला नदीतून ओढून काढत होता. पुन्हा दोनशे चिठ्ठ्या. मग गुरुवारी सुटलेली गाडी बुधवारी पोचत होती. असे तीन महिने फार सुखाचे गेले.

आणि एका रविवारी तिनं शेवटची चिठ्ठी चिकटवली, बाटलीला बूच लावलं आणि काही न बोलता बस गाठायला पळाली. आठवडाभर मी कादंबरी विंचरून काढली. एक तरी चूक मिळावी! कुठली मिळायला? उलट पुन्हा रडू आलं.

रविवारी दार वाजलं. दारात ती. ती कशी काय आली, हेही न विचारता मी सुरू केलं, "अगं, एक मोठा घोटाळा राहिलाय! नायिकेचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, ते तिसऱ्यावर हवं."

"का?"

"वारा चांगला लागतो."

मला थापा कधीच जमल्या नाहीत. म्हटलं, "तू आता येणार नाहीस असं वाटलं. मला करमत नाही गं."

तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात भरलेला. "सगळ्या चुका पहिल्याच दिवशी लिहून ठेवल्यात. दर वेळी एकच बाहेर काढते. मागच्या वेळी बस सुटत होती म्हणून राहिलं. नुसती आले असते, तर 'दगदग कशाला करतेस' म्हणाला असतात."

मी तिचा हात धरला. पण माझ्यातला लेखक मेला तडफडत उठलाच. (बिनअर्जाचा.) "म्हणजे… अजून किती उरल्यात?"

तिनं कागद उलटून पाहिला.

"घाबरू नका. माझ्या रिटायरमेंटला अकरा वर्षं आहेत. तोवर पुरतील."