बादलचा दुसरा खडा

"आक्काताई, घोड्यावर तू बसायचंस. मी मास्तरास्नी शब्द दिलाय," असं म्हणत सासूनं, नागूबाईंनी, पिशवीतली भाजी परातीत ओतली, तेव्हा आक्काताई आपल्या लेकराला, शामूला, पेज भरवत होती. चमचा शामूच्या तोंडाऐवजी कानाकडं गेला.

"कुठल्या घोड्यावर, आत्ती?"

"मिरवणुकीतल्या. तू झाशीची राणी, आणि आमचा शामू पाठीवरचा राजपुत्र. गल्लीत दुसऱ्या कुणाला घोड्यावर बसाय येतंय सांग की!"

इथंच तर सगळी गोम होती. दोन वर्षांपूर्वी आक्काताईला बघायला पाहुणे आले, तेव्हा तिच्या मामांना बोलण्याचा फार जोर चढला होता. पोरगी स्वयंपाक करते, भरतकाम करते, कन्नड वाचते, इथवर ठीक होतं. पण नागूबाई तरीही गप्प बसलेल्या बघून मामांनी ठोकून दिलं, "आणि घोड्यावर बसाय येतंय! आमच्या घरात घोडी हुती." खानापूरकडच्या त्या घरात घोडी नव्हती, म्हैस होती. आक्काताई तिच्यावर बसून ओढ्यापर्यंत जायची, तेही म्हशीच्या मर्जीनं. पण नागूबाईंनी ही गोष्ट लग्नानंतर अख्ख्या गल्लीत वाटली होती. आता 'येत नाही' म्हणावं, तर माहेर खोटं पडत होतं. 'येतं' म्हणावं, तर स्वतःच पडायची वेळ होती, आणि पाठीवर शामू.

बेळगावात शिवजयंतीची चित्ररथांची मिरवणूक म्हणजे गल्लीगल्लीच्या इभ्रतीचा प्रश्न. ट्रॉलीवर सजीव देखावा उभा करायचा आणि पात्रांनी परीक्षकांसमोर पापणीसुद्धा हलवायची नाही. गेल्या साली ह्यांच्या गल्लीचा अफजलखान शिंकला आणि नंबर गेला. म्हणून यंदा इतिहास शिकवणाऱ्या धर्मराज मास्तरांनी विषयच दांडगा काढला होता: इतिहासातले नामवंत घोडे आणि त्यांचे धनी. शिकंदराचा ब्युसेफॅलस आणि राणा प्रतापांचा चेतक बांबू, पोती आणि गवत यांचे झाले. (ब्युसेफॅलस बघून शेजारच्या शालूबाई म्हणाल्या, "रेडकू झ्याक झालंय.") झाशीचा बादल मात्र जिवंत हवा, असा मास्तरांचा हट्ट. तो राणीला घेऊन ट्रॉलीपुढं चालणार होता.

जिवंत घोडा म्हणजे यल्लाप्पाच्या तांग्याचा राजा. मास्तरांनी त्याला बादलचा इतिहास सांगितला, किल्ल्यावरून घेतलेली उडी सांगितली. यल्लाप्पा विडी विझवून कानडी-मराठीत म्हणाला, "मास्तर, बिडरी, सोडा ते. आमचं राजा गटार आलं तरी हुबा ऱ्हातंय. उडीचं नाव काढू नका."

त्या सोमवारी नागूबाई नेहमीसारख्या शामूला घेऊन देवाला निघाल्या. दर सोमवारी यल्लाप्पाचा तांगा दारात यायचा. नागूबाई कमरेच्या चंचीतून गुळाचा खडा काढून राजाच्या तोंडात घालायच्या, मग वर चढायच्या. दुपारी गेलेल्या त्या दिवेलागणीला परत यायच्या. "पोरगं देवळात लई शांत बसतंय बघ," असं कौतुक करायच्या. आक्काताईला तेवढीच दुपार मोकळी मिळे. लेकराचा वास घरभर राहायचा आणि लेकरू नसायचं; दोन घटका ती नुसतीच बसून राहायची. त्या दिवशी मात्र तिनं ट्रंकेवर तांदळाचं पोतं ठेवलं, नऊवारीचा काचा मारला आणि पोत्यावर मांड ठोकली. पोतं निमूट होतं, तरी ती दोनदा पडली.

संध्याकाळी शामू परत आला आणि नेमके दिवे गेले. शेजारची पोरं भोकाड पसरून रडायला लागली. शामू मात्र खदखदा हसून टाळ्या पिटत होता. हे त्याचं नवीनच होतं. अंधार झाला की टाळ्या.

"देवाचं पोर हाय," नागूबाई घाईनं म्हणाल्या.

मिरवणुकीच्या दिवशी ऊन कलायला लागलं, तशी यल्लाप्पानं आणि नवऱ्यानं मिळून आक्काताईला घोड्यावर चढवली. नवरा, रवळू, स्वतः राणा प्रताप होता. गवताच्या चेतकवर चढायला त्याला स्टूल लागलं. आक्काताईच्या पाठीशी शामू शेल्यानं घट्ट बांधला होता आणि तिचा अंबाडा चघळत होता. एका हातात लाकडी तलवार. दुसऱ्या हातात लगाम असायला हवा होता, पण होती ती अयाळ.

"यल्लाप्पाअण्णा," ती कुजबुजली, "हे थांबवायचं कसं?"

"चालू झाल्यावर सांगतो की."

तेवढ्यात नागूबाई ओवाळायला आल्या. सुनेला कुंकू लावलं, नातवाची दृष्ट काढली, घोड्याच्या कपाळी मळवट भरला. डोळे भरून आलेले. आणि त्या भरात हात सवयीनं चंचीत गेला. गुळाचा खडा राजाच्या तोंडात पडला.

यल्लाप्पा नागूबाईंना ओरडला, "आक्का, नगो!" पण उशीर झाला होता. राजाच्या लेखी भाडं बसलं होतं, गूळ मिळाला होता. तो निघाला.

लेझीमवाल्यांना फोडून, पताका मानेत अडकवून राजा खडेबाजाराच्या दिशेनं दुडक्या चालीनं सुटला. मागं यल्लाप्पा, त्याच्यामागं धोतर सावरत मास्तर. "वहिनी, तोंड सूर्याकडं करा!" मास्तर ओरडत होते. "ब्युसेफॅलस सावलीला भ्यायचा! शिकंदरानं त्याला सूर्याकडं वळवलं!"

"सूर्य कुठं हाय ते घोड्यालाच इचारा!" आक्काताई किंचाळली. पाठीवर शामू आनंदानं टाचा मारत होता, त्यामुळं राजा आणखी चेवात येत होता. वाटेत देवळाचं वळण आलं. आक्काताईला वाटलं, सोमवारची सवय, आता इकडं वळणार. राजानं देवळाकडं बघितलंसुद्धा नाही. तो सरळ पुढच्या चौकात गेला आणि टॉकीजच्या फाटकासमोर खुंटा ठोकल्यासारखा उभा राहिला.

फाटकातून डोअरकीपर गुंडू हसत बाहेर आला. "आज तुम्ही आलाय व्हय? आणि आक्का? खांबामागची खुर्ची राखून ठेवलीया की त्यांची."

"कुठल्या आक्का?"

"ह्या पोराच्या आज्जी! दर सोमवारी येत्यात न्हाय का. रडायचा पिक्चर असला तर फुडच्या सोमवारी परत त्योच बघत्यात."

परक्या माणसाला बघून बोंब ठोकणाऱ्या शामूनं गुंडूकडं दोन्ही हात पसरून झेप घेतली. शेला होता म्हणून बरं. आक्काताईच्या डोळ्यांसमोर गेलेले दिवे आले, त्या टाळ्या आल्या, आणि शांत बसणारं देवाचं पोर आलं.

"दुसरा खडा दिल्याबगार ह्ये आता हालायचं न्हाय," गुंडू सांगत होता. "आक्का उतरल्यावर देत्यात. त्यांच्याच हातनं खातंय."

इतक्यात चौक माणसांनी भरला. यल्लाप्पा आला, मास्तर आले, मागून चेतक आणि ब्युसेफॅलसची ट्रॉली आली, आणि गर्दीतून वाट काढत, धापा टाकत नागूबाई. परीक्षकांचा मांडवही नेमका त्याच चौकात. नागूबाईंनी फाटक बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गुंडूनं त्यांना बघितलं आणि तोंडभर हसून हात वर केला, "या आक्का, तुमची खु..."

"खबरदार!" झाशीची राणी गरजली. लाकडी तलवार गुंडूच्या नाकासमोर आली. "एक शब्द बोलशील तर! गप हुबा ऱ्हा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुंडू हात वर करून पुतळ्यासारखा थिजला. लोकांना वाटलं, हा शरण आलेला गोरा साहेब. नागूबाईंनी सुनेकडं बघितलं. सुनेनं हळूच मान हलवली.

मास्तर मात्र वैतागले होते. "वहिनी, तुम्ही लगाम का ओढला नाहीत? घोड्यावर बसायला येतं ना तुम्हाला?"

आक्काताईनं अयाळ आणखी घट्ट धरली. दोन परीक्षक कागद घेऊन जवळ येत होते.

"लगाम कशाला?" नागूबाई पुढं झाल्या. "आमच्या आक्काताईला नुसत्या अयाळीवर घोडा चालवाय येतंय. खानापूरकडं तशीच रीत हाय. लेकरू पाठीवर आणि एक केस हालला न्हाय बघा तिचा!"

नागूबाईंना चारचौघांत दुसरा खडा काढता येईना, म्हणून राजाही हलेना. ताशा झाला, हलगी झाली, कानापाशी फटाके फुटले. राजा गुळाची वाट बघत दगडासारखा उभा. भीतीनं गोठलेली आक्काताई त्याच्याहून स्थिर. चेतकचं शेपूट गळून पडलं, राणा प्रतापांना ढास लागली, पण परीक्षकांची नजर बादलवरून हटली नाही. "सजीव देखावा असावा तर असा," त्यांतले एक म्हणाले, आणि पहिला नंबर गल्लीत आला. मग बक्षिसाच्या नावानं नागूबाईंनी पुन्हा एकदा घोड्याला ओवाळलं, आणि पदराआडून खडा दिला. राजा समाधानानं फुरफुरला आणि आपण होऊन घराकडं वळला.

पुढच्या सोमवारी नागूबाई उंबऱ्यात रेंगाळल्या. "आज तू बी चल देवाला."

आक्काताई शामूचं झबलं घालत होती. ती खाली बघून म्हणाली, "आत्ती, खरं सांगू? मला घोड्यावर बसाय येत न्हाय. आमच्याकडं म्हैस हुती."

"ठाव हाय."

"कधीपासनं?"

"बघायला आलतो त्या दिवशी परसात गेलतो न्हाय का मी, हात धुवायला? म्हैसच दिसली मला." नागूबाईंनी चपला पायात सरकवल्या. "पण तुझा मामा इतका घामाघूम हून खोटं बोलालता, मला वाटलं, ह्या पोरीवर ह्यांचा लई जीव हाय. असलीच सून पायजे."

दारात तांगा उभा होता. यल्लाप्पानं कुठं जायचं ते विचारलं नाही. नागूबाईंनी चंचीतून खडा काढला, राजाच्या तोंडाशी नेला, आणि मध्येच थांबून सुनेच्या तळहातावर ठेवला.

"हं. तू घाल. वळख हू दे त्याला तुझी."